घाम न येणारं घर

“मॅडम, ज्या माणसाले घामच येत नाही, त्यानं पावडर कायले लावायची?”

हा प्रश्न डिंपलने ज्ञान वाढावं म्हणून विचारला नव्हता. खुशबू आणि रिताने पैज लावली होती. भर शिबिरात, हेडसरांच्या नाकासमोर विचारून दाखव, मग आठवडाभर मधल्या सुट्टीतले चिंचेचे गोळे आमच्याकडून. आता चिंचेच्या गोळ्यासाठी एवढं धाडस कोण करतं? डिंपल करते. आठवीपर्यंत जी पोरगी हजेरीचं ‘यस सर’सुद्धा ओढणीच्या टोकात बोलायची, तिने नववीत छब्बीस जानेवारीला तालुक्याच्या भाषणस्पर्धेत दुसरा नंबर मारला आणि तेव्हापासून तिच्या तोंडाचं झाकणच उडालं. एकोडीच्या त्या शाळेत मग एकही तास असा जाईना, की ज्यात डिंपलचा हात वर नाही.

आणि घामाचं म्हणाल तर ती जुनीच मस्करी होती. पीटीचा तास संपला की सगळ्या वर्गाच्या पाठी ओल्या, आणि डिंपलचा कमीज इस्त्रीतून आत्ता काढल्यासारखा कोरडा ठणठणीत. पोरी तिला ‘कूलर’ म्हणत. उन्हाळ्यात तिच्या शेजारच्या जागेसाठी भांडणं होत. डिंपलला ते आवडायचं. आपल्यात काहीतरी खास आहे, असं कोणाला आवडत नाही? पीटीनंतर तिचं तोंड टमाट्यासारखं लाल होतं, डोकं भणभणतं आणि ती नळाखाली मनगटं धरून पाच-पाच मिनिटं उभी राहते, हे मात्र मस्करीत येत नव्हतं. ते तिनेच येऊ दिलं नव्हतं.

शिबिर सिकलसेलच्या तपासणीचं होतं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब घ्यायचा, पुढची. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. पोरी खिदळल्या, हेडसरांच्या भुवया वर गेल्या, पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि डिंपलचा हात उलटा करून कोपरापर्यंत बोटं फिरवली. मग कपाळ पाहिलं, मग मानेमागे हात लावला. मार्चची दुपार, वर्गात पंखा बंद, मॅडमच्या स्वतःच्या ओठावर घामाचे दाणे. डिंपलची मान कोरडी.

घरात अजून कोणाला असं आहे का, असं मॅडमने विचारलं. समोर श्रोते आहेत म्हटल्यावर डिंपल सुरूच झाली. माझ्या बाबांना, म्हणाली. त्यांना तर भर मे महिन्यातही घाम येत नाही. हातापायांची आग होते म्हणतात आणि तलावात गळ्यापर्यंत जाऊन बसतात. गावातले लोक त्यांना म्हैस म्हणतात. वर्ग खो-खो हसला. डिंपलही हसली, कारण आपणच हसलो की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, एवढी अक्कल तिला आली होती.

“आणि तुझ्या तळव्यांची आग होते का?” मॅडमने हळूच विचारलं.

होत होती. दोन वर्षं झाली होती. जरा कणकण आली की तळव्यांवर कोणीतरी वाटलेली मिरची चोळतंय असं वाटायचं आणि ती रात्रभर पाय भिंतीला लावून पडायची. पण खुशबू कान टवकारून बसली होती, रिता तोंडावर हात ठेवून होती, आणि ‘कूलर’चं ‘म्हशीचं वासरू’ व्हायला एक शब्द पुरेसा होता.

“नाही मॅडम,” डिंपल म्हणाली.

मॅडमने एका कागदावर चार ओळी खरडल्या. वडिलांना मोठ्या दवाखान्यात दाखवा, लघवीची तपासणी करा, हा कागद तिथे द्या. त्या कागदावर वडिलांचंच तेवढं लिहिलं होतं.

टेकचंद, म्हणजे डिंपलचा बाप, ढिवराच्या घरचा. गावचा तलाव मासेमारीच्या सोसायटीकडे होता आणि त्यात जाळं टाकणं, शिंगाड्याचे वेल लावणं, छातीभर पाण्यात उभं राहून ते सांभाळणं, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पाण्यात तो राजा होता. जमिनीवर आला की मात्र त्याची गत व्हायची. रोवण्याच्या दिवसांत घरातली सगळी माणसं लोकांच्या बांध्यांत मजुरीला जायची, वाकून वाकून धान लावायची. टेकचंद दोन तासांत लाल व्हायचा, हात झटकायचा, धुऱ्यावर बसायचा आणि मग सरळ तलावाकडे चालू लागायचा. कामचोर, लोक म्हणत. बायकोच्या जिवावर जगते, म्हणत. दहा वर्षांपूर्वी त्याचीही सिकलची तपासणी झाली होती. काही निघालं नाही. तिथेच त्याचं नशीब फिरलं. ज्यांना सिकल निघाली त्यांना कार्ड मिळालं, गोळ्या मिळाल्या, ‘बिचाऱ्याचे हाडं दुखतात’ असं म्हणणारी तोंडं मिळाली. टेकचंदला नुसतं ‘नाही’ मिळालं. रक्तात काही नाही, म्हणजे अंगात काही नाही, म्हणजे सोंग. गावाचा हिशेब सरळ होता, आणि खरं सांगायचं तर घराचाही तोच होता. डिंपलची आई ममता रोवण्यातून आली की त्याच्या पुढ्यात ताट आदळायची.

त्याच्या बेंबीभोवती, मांड्यांवर बारीक बारीक जांभळट-लाल ठिपके होते, मोहरी सांडल्यासारखे. त्याची आई बायाबाई त्यांना लक्षुमीचे तीळ म्हणायची. ज्याच्या अंगावर एवढे, त्याच्या घरी काही कमी पडत नाही, म्हणे. लक्षुमी बहुतेक पत्ता चुकली होती.

डिंपलने तो कागद घरी दाखवला, पण बाप हसला आणि कागद कौलाखालच्या वाशात खोचून ठेवला. तपासणी झाली ना एकदा, म्हणाला. डिंपलने महिनाभर भुणभुण लावली, भाषण केलं, उपाशी राहण्याची धमकी दिली. काही उपयोग झाला नाही.

मे महिन्यात तलाव आटला. कडेचं पाणी गेलं, मधे तेवढं गुडघाभर उरलं आणि भोवती नुसता चिखल, भेगा पडत चाललेला. टेकचंदला उभं राहायला पाणी उरलं नाही. तो दुपारी चिखल तुडवत मधोमध जायचा आणि त्या डबक्यात बसायचा. काठावरून पाहिलं की एक डोकं तेवढं दिसायचं. एका दुपारी ते डोकं दिसेना. सोसायटीचे दोघं धावत गेले, त्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याचं तोंड सुजलेलं होतं, डोळे बुजलेले होते आणि तो त्यांना ओळखत नव्हता.

साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर. किडन्या गेल्या होत्या. जाणार आहेत असं नाही, गेल्याच. रक्त साफ करायची मशीन लावली. डिंपलने वाशातला कागद काढून सोबत घेतला होता. मोठ्या डॉक्टरांनी तो वाचला, दोनदा वाचला. मग पडदा ओढून टेकचंदचं पोट पाहिलं, ठिपक्यांवर काच दाबून पाहिली. मग डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथल्या बाईने यंत्रातून पाहून सांगितलं की बुबुळावर भोवऱ्यासारख्या रेषा आहेत. दिसायला त्रास होत नाही, पण आहेत. हृदयाची भिंत जाड झालेली. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे तर घरात कोणाला माहीतच नव्हतं. हाक मारली की तो दोन वेळा ‘काय’ म्हणतो, तो त्याचा हलगर्जीपणा आहे असं सगळे समजत. डॉक्टर एक एक लिहीत गेले आणि डिंपल शेजारी उभी राहून पाहत गेली; ती कोण, हे त्या गर्दीत कोणी विचारलं नाही. कामचोरपणा, सोंग, हलगर्जी, लक्षुमीचे तीळ, म्हैसपणा. बापाच्या सगळ्या खोड्या एका कागदावर एकाखाली एक येत होत्या आणि त्या खोड्या नव्हत्याच.

रक्ताचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. फॅब्री असं काहीतरी परदेशी नाव निघालं. शरीरात झाडझूड करणारं एक द्रव्य असतं, डॉक्टर म्हणाले, ते यांच्या अंगात तयारच होत नाही. मग एक प्रकारची चरबी साचत जाते. नसांमध्ये, किडनीत, हृदयात, मेंदूत. लहानपणापासून साचते. म्हणून आग, म्हणून घाम नाही, म्हणून हे सगळं. उपाय? औषध आहे. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून, जन्मभर. पण ते मिळणं, असं म्हणून डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मी अर्ज करून पाहतो, म्हणाले. आणि मिळालं तरी गेलेल्या किडन्या परत येणार नाहीत, हेही सांगून ठेवलं. ममताने फक्त पहिलं वाक्य ऐकलं, ‘औषध आहे’, आणि घरी येईपर्यंत तेच धरून बसली.

जाता जाता डॉक्टरांनी विचारलं होतं, टेकचंदच्या मामांचं काय झालं. दोघं होते, मोहाडीकडे. दोघंही चाळिशीच्या आसपास गेले. एक सुजून, एक झोपेत. मग हे आईकडून आलंय, डॉक्टर म्हणाले आणि लिहून मोकळे झाले.

ममता मोकळी झाली नाही. घरी आली, पायावर पाणीही न घेता सासूपुढे उभी राहिली. बायाबाई ओसरीत झिंगे निवडत होती. तिला ममता एरवी मामीजी म्हणायची, त्या दिवशी काहीच म्हणाली नाही.

“आंदणात भांडे किती आणले होते तुमी, मले मालूम नाही. पण हे आणलं. माहेरून हे घेऊन आल्या, आन माह्या घरात सोडून देल्लं.”

बायाबाईने मान वर केली. तिला आधी कळलंच नाही. डिंपलने समजावून सांगितलं, जमेल तेवढं मऊ करून. म्हातारी ऐकत राहिली. हातातले झिंगे सुपात ठेवले.

“मले कोणी सांगतलं असतं बाई,” ती म्हणाली, “त मी लगनच नसतं केलं.”

एवढंच. पण ममताचा आवाज नळावर गेला, नळावरून बाजारात गेला. बायाबाई पंचवीस वर्षं शुक्रवारच्या बाजारात मासे विकायची. लोक तिच्याकडून घेईनासे झाले. रोग लागतो की काय, असं कोणीतरी म्हणालं होतं. डिंपलने चौकात उभं राहून सांगितलं की हा लागण्याचा रोग नाही, रक्तातून येतो. लोकांनी ऐकलं, मान डोलावली आणि शेजारच्या टोपलीकडे वळले. तिच्या भाषणाचा घरी उपयोग झाला नव्हता, तसा चौकातही झाला नाही. बायाबाईने बाजार सोडला. दिवसभर ओसरीत बसायची, कोणी आलं की आत जायची.

आता घरात एकच धसका उरला होता, विक्कीलाही हे असेल की काय. विक्की म्हणजे डिंपलचा मोठा भाऊ, वीस वर्षांचा, तुमसरला राईस मिलमध्ये पोती भरायचा. ममताचं म्हणणं असं, की दुखणं आलं ते आंदणात, ठीक आहे. पण आंदणातली भांडी लग्नानंतर सासरची होतात की नाही? तसं तेही या घराचं झालं. आणि घराचं जे काही असतं, जाळी, डोंगा, सोसायटीतला वाटा, ते सगळं पोराकडे जातं. पोरीकडे काय जातं? पोरगी लग्नात गोत बदलते, कूळ बदलते. तिच्यासोबत घराची साधी वाटी जात नाही, मग दुखणं कसं जाईल? गल्लीत सगळ्यांना हे पटलं. टेकचंदलाही पटलं. त्याने तर विक्कीकडे पाहणंच सोडून दिलं होतं.

डिंपलला पटलं नाही. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकता होती. सरांनी फळ्यावर काढलं होतं: पोराला बापाकडून वाय, पोरीला बापाकडून एक्स. तेव्हा तिने उत्तर द्यायला हात वर केला होता आणि सर म्हणाले होते, शाबास. बिघाड एक्समध्ये असतो, असं डॉक्टर म्हणाले होते; म्हणजे बाबाला आजीकडून आलेला एक्स बिघडलेला. मग बाबाकडून तो कोणाकडे जाणार? गणित एका ओळीचं होतं. पण ती ते करत नव्हती. वहीचं ते पान ती उलटून जायची. कधी नव्हे ते तिला उत्तर द्यायचं नव्हतं.

जूनच्या शेवटी ममताने विक्कीला मिलमधून सुट्टी घ्यायला लावली आणि सगळे नागपूरला गेले. ममताने पाच सोमवार उपास धरले होते, विक्की सकाळपासून पाणीही प्यायला नव्हता. डिंपलला सोबत घेतलं, कारण डॉक्टरांशी पुस्तकातलं मराठी बोलता येणारी घरात तीच. टेकचंद बाहेर बाकावर आडवा झाला. त्याला आता दहा पावलं चाललं की दम लागायचा.

ममताने विक्कीला पुढे ढकललं. याचं रक्त घ्या साहेब, म्हणाली. डॉक्टर चष्म्यावरून पाहत राहिले. कशासाठी, म्हणाले. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला, वर एक गोल काढला, तो बायाबाईचा. त्याखाली चौकोन, तो टेकचंदचा, तो पेनने काळा भरला. चौकोनाखाली अजून एक चौकोन.

“हा तुमचा मुलगा. याला वडिलांकडून हा आजार येऊच शकत नाही. रक्त घ्यायची गरज नाही.”

ममताला ते दोनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा ती खाली बसली, तिथेच, फरशीवर, आणि विक्कीचे गुडघे धरून रडली. विक्कीही रडला, एवढा मोठा पोत्यांची थप्पी लावणारा गडी. डिंपल भिंतीला टेकून उभी होती. तिची नजर डॉक्टरांच्या पेनवर होती. पेन चौकोनाच्या शेजारी, रिकाम्या जागेत थांबलं होतं.

“मुलीला मात्र येतोच,” डॉक्टर म्हणाले. “प्रत्येक मुलीला. कोणाला जास्त त्रास होतो, कोणाला कमी, ते सांगता येत नाही. पण लवकर कळलं तर किडनीवर, हृदयावर लक्ष ठेवता येतं. तुम्हाला मुली किती?”

खोलीत पंखा फिरत होता. विक्कीने डोळे पुसले आणि डिंपलकडे पाहिलं. ममता फरशीवरून उठली, पदर नीट केला.

“नाही जी. हा एकच पोरगा.”

“आणि ही?”

“हे माह्या बहिणीची. शिकलेली हाये म्हणून संग आणली.”

डॉक्टरांनी डिंपलकडे पाहिलं. एक क्षण. एवढाच वेळ तिला मिळाला होता. तालुक्याच्या स्टेजवर, शेकडो माणसांसमोर तिने साडेपाच मिनिटं भाषण केलं होतं, मधे पाणीसुद्धा न पिता. इथे तर चार शब्द लागत होते. मी यांचीच मुलगी. आईने तिचा हात धरला होता, बोटं इतकी घट्ट की नखं लागत होती. डिंपलने मान खाली घातली.

डॉक्टरांनी पेन बंद केलं. टेकचंदच्या चौकोनाखाली एकच चौकोन राहिला.

परतीच्या बसमध्ये ममताने डिंपलला खिडकीची जागा दिली. समोसा घेऊन दिला. स्वतःच्या हाताने तिचे केस विंचरून वेणी घातली, जे तिने चौथीनंतर कधी केलं नव्हतं. विक्की पुढच्या सीटवर मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. सुटका झालेल्या माणसाने कसं बसावं, हे त्याला कळत नव्हतं. टेकचंद डिंपलच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. त्याला खोलीत काय झालं ते कोणी सांगितलंच नव्हतं. विक्कीला नाही, एवढं ऐकून तो इतका हसला होता की त्याला खोकला लागला.

घरी आल्यावर ममताने गूळ वाटला. शेजारच्या चंद्रकलाबाई आल्या, म्हणाल्या, पोरगं वाचलं, वंश वाचला. बायाबाई तेवढ्यापुरती बाहेर आली, विक्कीच्या तोंडावरून हात फिरवून आत गेली. डिंपलनेही गूळ खाल्ला. मग न्हाणीत जाऊन कडी लावली आणि कमीज वर करून पाहिलं. बेंबीच्या खाली तीन ठिपके होते. कदाचित आधीपासूनच असतील. ती पाहतच नव्हती.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात गप्प दिवस. शाळा सुरू झाली, दहावीचं वर्ष, पण हात वर जाईना. रिताने विचारलं, कूलर बंद पडला काय बे. डिंपलने वहीत डोकं घातलं. खुशबू म्हणाली, तुले बोलायला पुन्हा पैज लावाव लागन काय. दोघी तिच्या मैत्रिणीच होत्या, वाईट नव्हत्या. पण सांगून काय होणार होतं? त्या रडल्या असत्या. मग आपापल्या घरी जाऊन आपापल्या आईला सांगितलं असतं.

आठवड्यातून दोनदा टेकचंद भंडाऱ्याला मशीनवर जायचा. सकाळच्या बसने ममता त्याला घेऊन जायची, संध्याकाळी तो पिळून काढलेल्या फडक्यासारखा परत यायचा. तलाव भरला होता. पण आता हातात मशीनसाठी ऑपरेशन करून नस तयार केलेली, ती भिजवायची नाही, चिखलाचं पाणी तर अजिबात नाही. ज्या पाण्याने त्याला चाळीस वर्षं सांभाळलं, ते आता त्याला मना होतं. तो ओसरीत बसून तलावाकडे पाहायचा आणि ममता त्याच्या तळव्यांवर ओलं फडकं ठेवायची. ताट आता ती आदळत नव्हती. औषधाच्या अर्जाचं उत्तर आलं होतं: यादीत नाव घेतलं आहे, कळवू. डॉक्टरांनी फोनवर सांगताना आवाज असा काढला, की ममतानेही पुढे काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी टेकचंद नुकताच भंडाऱ्याहून आला होता. बायाबाई आतल्या खोलीत. ममता चुलीपुढे भात उतरवत होती. डिंपल शाळेतून आल्यापासून कणकणत होती, तळव्यांना आग लागलेली, आणि आज तिने ती लपवली नाही. बापाच्या शेजारी जाऊन बसली आणि बादलीतलं दुसरं फडकं पिळून स्वतःच्या पायांवर ठेवलं.

टेकचंदने पाहिलं. त्याने फडक्याकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, मग ममताकडे. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण ही आग कशी असते हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं?

“कधीपासून हाये?” त्याने विचारलं.

“सातवीपासून.”

ममताने भाताचं भांडं खाली ठेवलं. आधी चिडली. उन्हातून आली म्हणून होत असेल, म्हणाली. मग बसली. मग सगळं बोलून टाकलं, त्या खोलीतलं, बहिणीच्या पोरीचं, नवऱ्यासमोर, एका दमात. मी काय वाईट केलं, म्हणाली. कागदावर नाव गेलं की गावात जातं. गावात गेलं की पाहुण्यांच्या घरी जातं. उद्या कोणाच्या ओसरीत कोणी माझ्या पोरीपुढे उभं राहील आणि विचारेल, आंदणात काय आणलं. मी स्वतः विचारलंय. मला माहीत आहे ते ऐकताना माणसाचं तोंड कसं होतं. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

“आन मालूम करून का करशीन व? औषध भेटते काय? बाबाले भेटलं काय?”

टेकचंद भिंतीवरून खाली घसरला, डोकं तेवढं टेकलेलं राहिलं. डिंपलला तो क्षणभर त्या डबक्यातल्या डोक्यासारखा दिसला. आई म्हणते ते खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. औषध मिळणार नव्हतं. बाप फार दिवस राहणार नव्हता. आजीच्या टोपलीपुढे पुन्हा कोणी उभं राहणार नव्हतं. ती कितीही बोलली तरी यातलं काही हलणार नव्हतं, आणि भाषणाला टाळ्या पडल्या तरी नाही. पंधरा दिवस तिने हेच मोजून पाहिलं होतं आणि दर वेळी उत्तर तेच आलं होतं. एकच गोष्ट त्यात बसत नव्हती.

“आजीले मालूम नव्हतं, माय,” ती म्हणाली. “म्हणून तू जे बोलली ते तिले लागू होत नाही. मले मालूम हाये. मी लपवून कोणाच्या घरी गेली, पोरं झाले, त मंग तू म्हटलं ते सगळं मले लागू होते. एक एक शब्द.”

ममताने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. डिंपल थांबली नाही.

“मंगळवारी नागपूरची ओपीडी राहते. मी जाणार हाये. तू येशीन त ये, नाही त मी एकटी जातो, बसचं मले समजते. डॉक्टरले सांगणार, मागच्या वेळी खोटं सांगतलं, मी बहिणीची नाही. रक्त देणार आन नाव लिहून घ्या म्हणणार. डिंपल टेकचंद. काही भेटो का नाही भेटो. हे मी ठरवलं, आता तुमाले दोघाले सांगून राहिली.”